दगडांना लिंबू पिळीत उंबरवाडीपर्यंत

आम्हा ठाण्याच्या बायकांचा प्रवास म्हणजे घरापासून कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत, आणि तिथून मासुंदा तळ्याच्या कडेनं परत. म्हणून मी डोंगर चढून आले हे कळल्यापासून हळदीकुंकवाला जाईन तिथे एकच प्रश्न: "खरंच का हो सासूबाईंना ठाकरणीच्या पाठीवर बसवून आणलंत?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगता सांगता गोष्टीला फाटे फुटू लागले. परवा तर एकीनं मला वाटेत वाघ कसा भेटला हे मलाच रंगवून सांगितलं. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते. वाघ नव्हता. बाकीचं होतं.

आमच्या घरची स्वारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ठाण्यात चुना म्हणजे खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला. पण एका नव्या पुलासाठी साहेबाला चुनखडीचा चुना हवा होता. चुनखडी म्हणजे ओढ्यांच्या कडांत, टेकाडांच्या पोटात सापडणारे मळकट पांढरे खडे, कुठे बोराएवढे, कुठे आवळ्याएवढे. पायी फिरून ती शोधायची कामगिरी स्वारीवर आली. खडा कुटून त्यावर लिंबू पिळायचं. फसफसला तर चुनखडी, नाही तर नुसताच दगड. म्हणून स्वारीनं नकाशा, हातोडी, छत्री, नवे बूट आणि टोपलीभर लिंबं असा सरंजाम केला.

"नदीचं पाणी पिऊन याचं पोट बिघडेल," सासूबाई म्हणाल्या. "मी जाते बरोबर. आणि मी जायचं तर चुलीशी धूर खायला हिला घेते." हिला म्हणजे मला. मामंजींना थोरल्या जाऊबाईंच्या स्वाधीन करून आम्ही निघालो.

कुठे जायचं हे मात्र मी ठरवलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझी धाकटी बहीण मथू काळू नदीच्या खोऱ्यात उंबरवाडीला दिलेली. तिच्या लग्नानंतर तिच्या सासरी सत्यनारायण झाला, तेव्हा आमच्या सासूबाई भर पंगतीत वालाच्या बिरड्याचा घास घेऊन म्हणाल्या, "वाल शिजवलेत, की नुसते चुलीजवळून फिरवून आणलेत?" बिरडं केलं होतं मथूच्या सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी. त्या वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "खाडीचं खारट पाणी पिऊन जिभा मेल्या असतील, त्याला मी काय करू?" झालं. सासूबाई भरल्या पानावरून उठल्या, आणि दोन्ही घरांचं येणंजाणं संपलं.

पुढच्याच वर्षी आमची आई गेली. वडील आधीच गेलेले, भाऊ नाही. मथूला माहेर म्हणून जे काही उरलं ते माझं घर, आणि त्या घराचा उंबरा बिरड्यापायी बंद. मुलीच्या बाळंतपणालाही ती सासरीच राहिली. ती मुलगी आता चुरुचुरु बोलायला लागल्याचं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

तेव्हा एके दिवशी जेवण वाढताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "अहो, ती मध विकायला येते ना कातकरीण, ती सांगत होती, काळूच्या अंगाला पांढरं पुष्कळ आहे."

"पांढरं काय?"

"आता ते मला काय कळतंय? खडेबिडे असतील."

कातकरीण बगळ्यांबद्दल बोलत होती. पण स्वारीनं त्याच रात्री नकाशात काळू नदीवर बोट ठेवलं.

कल्याण ते रायते

कल्याणापर्यंतच्या आगगाडीबद्दल काही लिहीत नाही. आगगाडी आता सगळ्यांनी पाहिली आहे. कल्याणाला बैलगाडी ठरवली. गाडीवान पांडू, खाडीकाठचा आगरी, उन्हानं रापलेला आणि तोंडाचा फटकळ. लिंबांची टोपली बघून त्यानं विचारलं, "बाय, कुनाचं भूत उतरवाला चाललाव काय?"

"भूत नाही रे," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मुलाची नोकरी आहे ती."

मार्गशीर्षातले दिवस. भात कापून झालेलं, खाचरांतून नुसते खुंट उभे, आणि खळ्यांवर झोडणी चाललेली. सकाळच्या धुक्यात उल्हास नदी दिसत नव्हती; कुठून तरी धोब्यानं दगडावर कपडे आपटल्याचा आवाज यायचा, तेवढ्यावरून नदी आहे एवढं कळायचं. म्हारळ, वरप मागे पडलं, ऊन वर आलं आणि दक्षिणेला मलंगगडाचं टोक उघडं झालं.

स्वारी गाडीच्या पुढे पायी चालत होती. कुठे काही पांढरं दिसलं की वाट सोडून तिकडे. एका मोठ्या काळ्या खडकावर पांढरा पट्टा दिसला तेव्हा आम्हाला हात करून थांबवलं, लिंबू कापलं, पिळलं, आणि डोळे बारीक करून बघत बसले. फसफसेना. दुसरं पिळलं. पांडू गाडीतून उतरला, जवळ जाऊन आला, आणि सासूबाईंना हळूच म्हणाला, "गिधाराची शीट हाय ती. साहेबांना सांगू का नको?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "आपणहून कळू दे. शिकलेला आहे."

रायत्याला नदी ओलांडायची. पाणी गुडघाभर, तळाचा गोटान् गोटा दिसावा इतकं निवळ. नेमका मध्यावर डावा बैल बसला. उठेना. पांडूनं शेपूट पिरगळली, आर्जवं केली, त्याच्या आईचा उद्धार केला. बैल डोळे मिटून गारवा घेत राहिला. गाडी एका अंगाला कलली आणि वळकट्या पाण्यात गेल्या. घरी ओला हात पदराला पुसला तरी मला ऐकवणाऱ्या सासूबाई काष्टा वर खोचून पाण्यात उतरल्या, वाहत निघालेली उशी त्यांनी पकडली आणि खदखदून हसल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली. त्यांच्या मागच्या दाढा मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या.

मुक्काम नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत केला. एका भोयानं ताजी मरळ आणून दिली. आमच्याकडे खाडीची मासळी. तिला मुळात मिठाची चव असते, नदीच्या मासळीला नसते. सासूबाईंनी तिला हळद, तिखट, मीठ लावलं आणि वर लिंबू पिळलं. मग आणखी एक. स्वारी जेवून तृप्त झाली आणि मग टोपलीत डोकावली.

"आई, ही लिंबं खात्याच्या कामासाठी आहेत."

"खात्याच्या कामालाच लागली," सासूबाई म्हणाल्या. "तूच खाल्लंस ना?"

सकाळी पांडूला पित्त झालं म्हणून त्यांनी सरबत केलं. उरलेल्या लिंबांपैकी काही नदीत भिजून काळी पडली होती. निघताना धड असं एकच लिंबू शिल्लक होतं. ते स्वारीनं कोटाच्या खिशात घातलं आणि वरून हात ठेवला.

टेकाडांच्या वाटेनं

रायत्याच्या पुढे उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या मध्ये टेकाडांची रांग आहे. गाडीला तिथून वाट नाही. तेव्हा पांडूनं रस्त्यानं वळसा घेऊन काळूच्या काठी वडाखाली थांबायचं आणि आम्ही पायवाटेनं टेकाडं उतरून त्याला गाठायचं, असं ठरलं. सासूबाईंनी गाडीत बसावं असं स्वारीचं म्हणणं होतं.

"त्या बैलाच्या मर्जीवर? त्यापेक्षा माझे पाय बरे," त्या म्हणाल्या, आणि आमच्या पुढे चालू लागल्या.

चढ सुरू झाला तशी सागाची मोठमोठी पानं पायांखाली कडाकडा वाजू लागली. गवत माणसाएवढं, सोन्यासारखं पिवळं, आणि लबाड: त्याची कुसळं लुगड्यात शिरतात ती पोटरीला टोचल्याशिवाय कळत नाहीत. उत्तरेला माहुलीचे सुळके, उगवतीला सह्याद्रीची निळी भिंत, आणि मध्ये इतकं मोकळं आकाश की माझी मान अवघडली. वाटेत रानआवळ्याचं झाड लागलं. सासूबाईंनी काठीनं आवळे पाडले, अर्धे ओच्यात घेतले, आणि एक मला देऊन म्हणाल्या, "खा. वर पाणी पी, गोड लागतं." घरी त्यांच्यासमोर मी पाणीसुद्धा पाठ फिरवून पिते. इथे आम्ही दोघी एका दगडावर बसून आवळे चघळत बिया थुंकत होतो.

तेवढ्यात लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन ठाकरणी समोरून आल्या. स्वारी त्या वेळी ओणवी होऊन एका कड्यावर हातोडी मारत होती आणि कान लावून ऐकत होती. ठाकरणी थांबल्या. त्यांतली एक, आडव्या बांध्याची, हातात पितळी काकणं असलेली, मला म्हणाली, "ह्यो बाबा दगडाला काय इचारतो?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "विचारू दे बाई. घरात त्याला कोणी उत्तर देत नाही."

दोघी इतक्या हसल्या की मोळ्या डुलायला लागल्या.

पुढे वाटेला फाटा फुटला. नकाशाप्रमाणे उजवीकडे जायचं होतं. मी म्हणाले, "डावीकडे कडा पांढऱ्या दिसतात, नाही का?" माझ्या हिशेबानं डावी वाट उंबरवाडीच्या डोक्यावर निघत होती. तिथे पोचल्यावर तहान लागल्याचं निमित्त करायचं, खाली गावात पाणी मागायला जायचं, आणि मग कोणाचं घर हे माहीतच नसल्यासारखं मथूच्या दारात उभं राहायचं, असा माझा बेत. स्वारी डावीकडे वळली. थोड्या वेळानं आणखी एक फाटा आला, मग एक आला, आणि मग वाटच संपली. समोर कारवीचं रान, मागे गवत, आणि सूर्य डोक्यावर. शिदोरी गाडीत. पाण्याचा तांब्या रिकामा. निमित्त म्हणून काढायची ठेवलेली तहान आता खरोखरीची लागली.

"आपण कुठे आहोत?" मी विचारलं.

स्वारीनं नकाशा उलटा केला, सुलटा केला. "तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "आपण ठाणे जिल्ह्यात आहोत."

मी घाबरले. स्वतःसाठी नव्हे, सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता आणि त्या बोलायच्या थांबल्या होत्या. कोरड्या ओढ्याची एक घळ खाली जात होती, तिच्यातून उतरायचं ठरलं. पहिलंच पाऊल सासूबाईंनी टाकलं, पायांखालचे खडे गडगडले, आणि त्या घसरत घसरत वळणापर्यंत जाऊन बसल्या.

"आई!" स्वारी ओरडली आणि धावली. वाकली. आणि आईला उठवायच्या ऐवजी मूठभर खडे उचलून उभी राहिली. "आई, चुनखडी!"

"मी पडले आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो, पण कशावरून पडलीस ते बघ!"

घळीच्या दोन्ही कडांतून पांढरे खडे दाट बसलेले होते, जसे चिक्कीत दाणे. स्वारीनं एक खडा हातोडीनं कुटला आणि खिशातून लिंबू काढलं. तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. "ते इकडे आण. मला घेरी येते आहे."

"आई, एकच आहे!"

"आईही एकच आहे."

मी दोघांच्या मध्ये उभी राहून लिंबू कापलं. अर्धं दगडाला, अर्धं सासूबाईंच्या तोंडात. इकडे भुकटी फसफसली, तिकडे सासूबाईंना हुशारी आली. स्वारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कोणाकरता ते मी विचारलं नाही.

पण सासूबाईंना उभं राहता येईना. घोटा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला. घळीच्या तोंडाशी जाऊन मी खाली पाहिलं. काळू नदी उन्हात लखलखत होती, काठाला शेतं, आणि शेतांच्या वर पंचवीस-तीस घरांचं गाव. गावाच्या मध्ये मोठा उंबर. त्या उंबराखालच्या विहिरीचं वर्णन मथूच्या प्रत्येक निरोपात यायचं. चुकत चुकत आम्ही बरोबर जागी आलो होतो.

आता निमित्त काढायला वेळ नव्हता. मी परत येऊन सरळ म्हणाले, "सासूबाई, खाली गाव आहे. उंबरवाडी. माझ्या मथूचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला इथेच राहू दे. रानात कोल्हे खातील, पण घास कच्चा म्हणून नावं तरी ठेवणार नाहीत."

"तुम्ही नका जेवू तिथे. नुसतं पाय बांधून घेऊ."

"त्या घरचं पाणी पिणार नाही."

"नका पिऊ."

"घरात पाऊल टाकणार नाही."

"पाऊल टाकताच येत नाही तुम्हाला, सासूबाई," मी म्हणाले. असं उत्तर मी त्यांना जन्मात दिलं नव्हतं. त्यांनी भुवया वर केल्या.

मघाची पितळी काकणांची ठाकरीण आमच्या हाका ऐकून परत आली होती. तिनं सगळं बघितलं, चुंबळ कमरेला खोचली आणि सासूबाईंपुढे पाठ करून बसली. सासूबाई क्षणभर अडल्या. ठाण्यात त्या ओलेत्यानं स्वयंपाक करतात, सोवळ्यात कोणाची सावली चालत नाही. मग त्यांनी जाहीर केलं, "डोंगरावर शास्त्र वेगळं असतं," आणि ठाकरणीच्या गळ्यात हात टाकले.

"मोळीपरीस हलकी हाय तू, म्हातारे," ती म्हणाली.

"म्हातारी कोणाला म्हणतेस?" सासूबाई तिच्या कानात ओरडल्या, आणि वरात उतरू लागली.

उंबरवाडी

मथू विहिरीवरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन येत होती. मला बघून ती थांबली. कळशी खाली ठेवावी हेसुद्धा तिला सुचलं नाही. तशीच येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी नखशिखांत भिजलो. तिच्या निऱ्यांना धरून एक मुलगी उभी होती, आमच्या आईच्या हनुवटीची. मी तिला उचललं तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "तू ओली आहेस."

अन्नपूर्णाबाई दारात आल्या. उंच, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. ठाकरणीच्या पाठीवरून आपल्या ओट्यावर उतरणारी पाहुणी त्यांनी नीट पाहिली. आत गेल्या, पाट आणून ठेवला, कढत पाण्याचं तपेलं आणि आंबेहळदीचा लेप आणून पाटाशेजारी ठेवला, ठाकरणीला भाकरी आणि गूळ दिला, आणि पुन्हा स्वयंपाकघरात. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. घरातले पुरुष मुरबाडच्या बाजाराला गेले होते, आणि स्वारी पाणी पिऊन पुन्हा खड्यांकडे पळाली होती. राहिल्या ओट्यावर एक सासू, चुलीशी एक सासू, आणि माजघरात आम्ही दोघी बहिणी.

"सांग जाऊन तिला," ओट्यावरून सासूबाई मला म्हणाल्या, "नाइलाज म्हणून टेकले आहे. ओटा काही झिजणार नाही म्हणावं."

मी आत गेले. माजघरात मथूनं माझा हात धरला. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. ती ओठ चावून हसली, लहानपणी चिंचा चोरताना हसायची तशी. मग चुलीशी जाऊन म्हणाली, "सासूबाई, ताईच्या सासूबाई म्हणतात, ओटा किती सुरेख सारवलाय. ठाण्यात असं सारवण नाही बघायला मिळत."

अन्नपूर्णाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "असं का? मग म्हणावं, ठाण्यात गाई उरल्या नसतील, उरली असतील ती नुसती शिंगं."

मथू माजघरात आली, मी ओट्यावर गेले. "सासूबाई, त्या म्हणतात, गाय नुकतीच व्याली आहे, चिकाचा खरवस पाठवू का?"

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड थोडं वळवलं. "कोण, ती? तिला बरंबिरं नाही का?"

हा प्रश्न मी आत पोचवला तो असा: "तुमच्या प्रकृतीची चौकशी करताहेत." अन्नपूर्णाबाईंनी विस्तव पुढे सारला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "गुडघे धरतात थंडीत. पण मला कोण विचारतं." हे मात्र मी जसंच्या तसं ओट्यावर नेलं. सासूबाई म्हणाल्या, "निर्गुडीचा पाला शेकायला सांग तिला." तेही जसंच्या तसं आत गेलं.

इथेच आम्ही थांबायला हवं होतं. पण सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आमचा हात सैल सुटला. मथूनं चुलीशी जाऊन सांगितलं, "त्या म्हणतात, त्या दिवशीसारखं बिरडं पुन्हा जन्मात खाल्लं नाही." अन्नपूर्णाबाई तटकन उठल्या आणि मोड आलेले वाल सोलायला घेतले. आणि मी ओट्यावर जाऊन सासूबाईंना म्हणाले, "त्या कबूल करतात, त्या दिवशी बिरडं कच्चंच राहिलं होतं."

सासूबाई सरळ बसल्या. "असं म्हणाली? स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला धन्य वाटलं. त्या म्हणाल्या, "इतका मोठेपणा दाखवला तिनं, तर मीही दाखवते," आणि मी अडवायच्या आत भिंतीला धरून, एका पायावर लंगडत, उंबरा ओलांडून आत निघाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अन्नपूर्णाबाई, कबूल केलंत हा तुमचा मोठेपणा. माझ्या मनात आता काही नाही."

अन्नपूर्णाबाईंनी वालाचा हात थांबवला. "मी काय कबूल केलं?"

"बिरडं कच्चं राहिलं होतं ते."

"मी? अहो, उलट तुम्हीच आत्ता निरोप धाडलात, असं बिरडं जन्मात खाल्लं नाही म्हणून!"

मग दोन्ही माना एकदम आमच्याकडे वळल्या. मथू माझ्या पाठीमागे सरकली. मीही तिच्या पाठीमागे सरकायच्या खटपटीत होते.

"तुमची सून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आणि तुमची," सासूबाई म्हणाल्या. "सारवण सुरेख काय! मी असं म्हणेन?"

"आणि खरवस! अहो, गाय अजून व्यायचीच आहे."

"बसा हो, उभ्या काय तसल्या पायावर," म्हणत अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाट सरकवला. सासूबाई बसल्या. एक चुलीच्या या बाजूला, एक त्या. मग दोघींनी मिळून आम्हाला जे धारेवर धरलं ते काय सांगू! एकीला दम लागला की दुसरी पुढे चालवायची. थोरली लबाड की धाकटी याबद्दल थोडा मतभेद झाला, तोही चटकन मिटला.

"दोघींना वळणच नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "एकाच आईच्या ना? आईनं शिकवलं असतं तर..."

आणि त्या थांबल्या. सासूबाईंनीही खाली बघितलं. मथूची मुलगी जमिनीवरची वालाची सालपटं गोळा करत होती.

"आई कुठली शिकवायला," सासूबाई हळू म्हणाल्या. "ही धाकटी किती होती तेव्हा?"

"परकर नेसत होती," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आई गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला कोणी न्यायला येईल म्हणून ओट्यावर बसून राहिली. मी म्हटलं, पोरी, आत ये, थंडी पडलीय."

मला हे ठाऊक नव्हतं. मथूनं कधी निरोपातून कळवलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती चुलीत लाकूड सारत होती, सारायची गरज नसताना.

सासूबाईंनी वालांचं ताट स्वतःपुढे ओढलं आणि सोलायला लागल्या. "हे राहू द्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात ना? पाय पसरून बसा."

निघताना

पायाची सूज उतरेपर्यंत आम्ही उंबरवाडीला राहिलो. वडाखाली वाट बघून कंटाळलेला पांडू शोधत शोधत आला, आणि त्याला खरवसाऐवजी ताक मिळालं. स्वारीनं पोतं भरून चुनखडी घेतली आणि गावच्या पाटलाला तिच्याबद्दल इतकं समजावून सांगितलं की तो दुसऱ्या दिवसापासून आम्हाला टाळू लागला. सकाळी मी आणि मथू नदीवर जायचो, पाण्यात पाय सोडून बसायचो. समोरच्या काठावर बगळे उतरायचे. कातकरीण खोटं बोलली नव्हती. दोघी सासवा ओट्यावर एकीमेकींचे सांधे शेकत आमच्या माघारी आमच्याबद्दल बोलायच्या, आणि आम्ही आलो की गप्प व्हायच्या.

निघायच्या दिवशी गाडी जुंपली. मी मथूच्या मुलीचा पापा घेतला, मथूकडे बघायचं धाडस होईना म्हणून बैलाकडे बघत होते. तेवढ्यात सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "अन्नपूर्णाबाई, धाकटीला पाठवा की."

"कधी? संक्रांतीला?"

"आत्ता. जागा आहे गाडीत. खड्यांचं पोतं तो डोक्यावर घेईल."

स्वारीनं पोत्याचं वजन हातानं अजमावलं. अन्नपूर्णाबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या मथूची दोन लुगडी, मुलीची कुंची आणि वाटेत खायला भाकऱ्या बांधून घेऊन आल्या. मथूच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "महिनाभर तोंड दाखवू नकोस."

गाडी चालू लागली. मथू आखडून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, परक्याच्या गाडीत बसावं तशी. मुलगी तिच्या मांडीवर झोपली. नदीचा उतार आला, चाकं पाण्यात शिरली, आणि गावचा उंबर मागे वळणाआड गेला. बऱ्याच वेळानं तिनं सासूबाईंना विचारलं, "माहेरी गेल्यावर काय करायचं असतं हो?"

सासूबाईंनी तिच्या मांडीवरची मुलगी उचलून माझ्याकडे दिली आणि आपल्या मांडीवरच्या लुगड्याची घडी सारखी केली.

"काही करायचं नसतं," त्या म्हणाल्या. "टेक डोकं इथे. नीज."